पोअर कार्डावर आणखी एक सही हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

हेरगिरीच्या संशयावरून कोणाला अटक झाली की मोबाइल, हनी ट्रॅप आणि समाजमाध्यमे यांवर चार दिवस चर्चा होते, आणि ती व्हायलाही हवी. परंतु ज्या इमारतीत पुढे गोपनीय कामकाज चालायचे असते, तिचे बांधकाम सुरू असताना त्यावर नजर कोण ठेवतो आणि त्या माणसाला हे काम कोणी शिकवलेले असते का, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. ठेकेदारांकडे साइट इंजिनिअर म्हणून माझी तीस वर्षे गेली, त्यांतली काही संरक्षण खात्याच्या आवारांत. त्या अनुभवावरून हे पत्र लिहीत आहे.

अशाच एका कामावर स्लॅब भरण्याच्या आदल्या संध्याकाळी मी सळ्या तपासत होतो. ड्रॉइंगमध्ये एका खोलीतून बाहेर जाणाऱ्या वायरिंगच्या चार पाइप होत्या, प्रत्यक्षात पाच निघाल्या. इलेक्ट्रिशियनच्या हाताखालच्या पोराला विचारले, तर तो म्हणाला, "साहेब, एक स्पेअर टाकून ठेवला." घरबांधणीत हा शहाणपणाच म्हणावा लागेल, पण ज्या खोलीतला आवाजसुद्धा बाहेर जाता कामा नये, तिथे अशी पाइप म्हणजे काँक्रीटमध्ये कायमचे ठेवलेले भोक. पोराच्या मनात काहीच वाईट नव्हते. शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतण्याचा साचा, अजून उघडे होते म्हणून दहा मिनिटांत पाइप काढता आली. हे सारे घडत असताना सुरक्षारक्षक तिथेच उभा होता. त्याने सकाळी प्रत्येकाचा गेटपास पाहिला होता, जेवणाचे डबेसुद्धा उघडून पाहिले होते. पण चार पाइप आणि पाच पाइप यांतला फरक पाहायला त्याला कोणी शिकवलेच नव्हते, तेव्हा दोष त्याला कसा देणार?

अशा दुर्लक्षाची किंमत अमेरिकेने मॉस्कोत मोजली. तिथल्या नव्या वकिलातीचे काम १९७९ मध्ये सोव्हिएत मजुरांकडून सुरू झाले आणि तुळया, खांब, भिंतींचे तयार भाग अमेरिकनांच्या नजरेआड, दुसरीकडे ओतून साइटवर आणले गेले. ऐकण्याची उपकरणे त्या काँक्रीटमध्येच बसवलेली आहेत, हे लक्षात आल्यावर १९८५ मध्ये काम थांबवावे लागले. पुढे डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत गुप्तचर संस्था केजीबीचे तत्कालीन प्रमुख वादिम बकातिन यांनी अमेरिकी राजदूत रॉबर्ट स्ट्रॉस यांच्या हाती त्या उपकरणांचे आराखडेच ठेवले, तरीही इमारतीवरचा विश्वास काही परत आला नाही. शेवटी वरचे मजले उतरवून तपासणी झालेल्या अमेरिकी कामगारांकडून ते नव्याने बांधून घ्यावे लागले आणि वकिलात तिथे जायला २००० साल उजाडले.

आपल्याकडचे उदाहरण कोचीचे आहे. विक्रांत ही विमानवाहू नौका तिथल्या शिपयार्डमध्ये बांधली जात असताना, सप्टेंबर २०१९ मध्ये, तिच्यावरच्या संगणकांतील प्रोसेसर, रॅम आणि डिस्क चोरीला गेल्याचे उघडकीस आले. राष्ट्रीय तपास संस्थेने असंख्य कामगारांच्या हातांचे ठसे तपासून जून २०२० मध्ये दोघांना पकडले. ते रंगकामासाठी आलेले कंत्राटी कामगार होते आणि त्यांनी ही चोरी पैशासाठी केल्याचे तपासात पुढे आले. थोडक्यात, रंगाचा डबा घेऊन आत जाणाऱ्या माणसाकडे पास होता, आणि पास आहे म्हणजे सगळे ठीक आहे असे गृहीत धरले गेले. त्याच शिपयार्डमध्ये २०२१ साली, खोट्या कागदपत्रांवर भारतीय म्हणून ठेकेदारामार्फत कामाला लागलेला एक अफगाण नागरिकही सापडला.

अमेरिकेने मॉस्कोनंतर या विषयाची शिस्त बसवली. तिथे गोपनीय इमारतीच्या कामासाठी आधी बांधकाम-सुरक्षेचा स्वतंत्र आराखडा करतात, साइटवर त्याची जबाबदारी एका सुरक्षा व्यवस्थापकावर असते आणि परदेशातील कामांवर 'कन्स्ट्रक्शन सर्व्हेलन्स टेक्निशियन' नावाचे खास प्रशिक्षित लोक मजुरांच्या शेजारी उभे राहून काम पाहतात. आलेला माल तपासणे आणि भिंतीत किंवा स्लॅबमध्ये काय गाडले जाते ते झाकण्याआधी पाहणे हा त्यांचा पेशा असतो. आपल्याकडे खासगी सुरक्षारक्षकासाठी नियमांनी १६० तासांचे प्रशिक्षण ठरवले आहे. त्यात ओळखपत्रे तपासणे, आग विझवणे, प्रथमोपचार, गर्दी आवरणे हे सारे आहे, मात्र नकाशा वाचणे नाही. खात्याचे अभियंते साइटवर असतात हे खरे. पण त्यांचे डोळे दर्जा, मोजमाप आणि बिल या तिन्हींतच गुंतलेले असतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे.

यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. खडकीला बॉम्बे सॅपर्स, म्हणजे लष्कराचे अभियंता दल, आहे, दापोडीला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि बांधकाम व सुरक्षा या दोन्ही गोष्टी ज्यांच्या अंगवळणी पडल्या आहेत असे निवृत्त सॅपर सुभेदार-हवालदार पुणे परिसरात मुबलक आहेत. त्यांच्यासाठी, तसेच पोलीस पडताळणी झालेल्या स्थापत्य पदविकाधारकांसाठी सहा-आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम संरक्षण खात्याने सुरू करावा. ड्रॉइंग आणि प्रत्यक्ष काम ताडून पाहणे, बाहेरून तयार होऊन येणारे भाग जिथे ओतले जातात तिथे जाऊन पाहणे, उरलेला माल आणि रद्द झालेल्या नकाशांच्या प्रती यांचा हिशेब ठेवणे, एवढे तरी त्यात शिकवले जावे. मजूर कुठल्या प्रांताचा आहे यावरून संशय घेण्यापेक्षा त्याच्या हातून काय बसवले जाते ते पाहणे अधिक उपयोगाचे आणि अधिक न्यायाचे, हेही त्याच वर्गात सांगितलेले बरे.

स्लॅब भरण्याआधी आमच्याकडे पोअर कार्ड भरतात. त्यावर सळ्या, शटरिंग, वायरिंग या प्रत्येकासाठी सही होते आणि सगळ्या सह्या झाल्याशिवाय काँक्रीटची गाडी आत घेत नाहीत. गोपनीय कामांवर त्याच कार्डात या प्रशिक्षित माणसाच्या सहीसाठी एक रकाना वाढवावा. मात्र त्याचा पगार ठेकेदाराच्या बिलातून जाणार नाही, ही अट पहिल्याच दिवशी घालावी लागेल. नाहीतर स्लॅबची तारीख गाठण्यासाठी तीही सही आदल्या रात्रीच होऊन जाईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त साइट इंजिनिअर, पुणे