नेमबाजाला दोष देण्याआधी नळी तपासा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून जिल्ह्याजिल्ह्यांत नेमबाजीच्या रेंज उभारण्याच्या मागणीने जोर धरला आहे आणि आपल्या दैनिकानेही तिला वेळोवेळी जागा दिली आहे. ही मागणी रास्तच आहे. परंतु या चर्चेत इमारत, इलेक्ट्रॉनिक टार्गेट आणि प्रशिक्षकांचे मानधन यांचाच विचार होतो; गोळी ज्या नळीतून जाते तिच्या प्रकृतीबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. लष्करात आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा कारागीर, म्हणून उमेदीची वर्षे घालवलेल्या आणि निवृत्तीनंतर परिसरातील मुलामुलींच्या रायफली पाहून देणाऱ्या माझ्यासारख्याला ही उणीव फार खटकते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

काडतूस ज्या चेंबरमध्ये बसते त्याच्या लगेच पुढे, नळीतील रायफलिंग (गोळीला फिरकी देणारे वळणदार उंचवटे व खाचा) जिथे सुरू होते, त्या लहानशा भागाला थ्रोट म्हणतात. काडतुसातून सुटलेली गोळी सर्वप्रथम इथेच रायफलिंगच्या उंचवट्यांना भिडते आणि ती सरळ भिडली की किंचित कलून भिडली, यावर तिचा पुढचा सगळा प्रवास ठरतो. दाब आणि उष्णता यांचा सर्वांत मोठा तडाखाही याच जागेला बसतो. मोठ्या बोअरच्या, म्हणजे नळीचा आतील व्यास मोठा असलेल्या, रायफलींत जळत्या दारूचे तापमान दोन हजार अंश सेल्सियसच्या बरेच वर जाते, तर पोलाद सुमारे दीड हजार अंशांना वितळते. ही आच सेकंदाच्या काही हजारांश भागांपुरतीच टिकते म्हणून नळी शाबूत राहते. पण आतील अत्यंत पातळ थर प्रत्येक गोळीबरोबर तापतो, आकसतो आणि ठिसूळ होत जातो. बोअरस्कोपमधून, म्हणजे नळीच्या आत घालून पाहण्याच्या बारीक दुर्बिणीतून, पाहिले तर अशा थ्रोटचे पोलाद मे महिन्यात भेगाळलेल्या काळ्या रानासारखे दिसते. पुढे त्या भेगांच्या कडा झडतात, रायफलिंगची सुरुवात पुढे सरकते आणि गोळीला आधाराविना जास्त अंतर उडी घ्यावी लागते. .३०८ बोअरची नळी साधारण चार-पाच हजार गोळ्या चांगला ग्रुप, म्हणजे टार्गेटवर गोळ्यांचा घट्ट झुबका, देते, तर जास्त दारूच्या मॅग्नम काडतुसांची नळी दीड-दोन हजारांतच थकते. भराभर गोळ्या झाडून नळी तापती ठेवली तर हे आयुष्य आणखी घटते.

हा प्रश्न काही आजचा नाही. ब्रिटिशांनी १८८८ मध्ये स्वीकारलेल्या ली-मेटफर्ड रायफलीचे रायफलिंग उथळ आणि गोलसर होते, कारण ते काळ्या दारूसाठी आखलेले होते. पुढे कॉर्डाइट ही धूररहित दारू आली. त्याच्या पहिल्या प्रकारात नायट्रोग्लिसरीनचे प्रमाण ५८ टक्के होते आणि त्याच्या उष्णतेपुढे ते उथळ उंचवटे टिकेनात. म्हणून १८९५ मध्ये एनफील्डचे खोल आणि चौकोनी काठांचे रायफलिंग आले आणि काही वर्षांतच नायट्रोग्लिसरीन ३० टक्क्यांवर आणून कॉर्डाइटची आच कमी करण्यात आली. आपल्या पोलिसांनी दशकानुदशके वागवलेली .३०३ ही त्याच घराण्यातली. सांगायचे ते इतकेच, की नळीची झीज त्या काळीही गेजने मोजली जात होती आणि त्या मोजमापावरून रायफलीची आखणी आणि दारू या दोन्हींत बदल केले गेले. आज आमच्याकडे बोअरस्कोप मिळतो, तो मोबाइलला जोडताही येतो. तरी बहुतेक रेंजवर नळीत आजवर किती गोळ्या झाल्या याची साधी नोंद सापडत नाही.

लहान बोअरच्या .२२ रायफलीचे दुखणे निराळे असते आणि आपल्या जिल्ह्यांतील मुलांचा संबंध मुख्यतः तिच्याशीच येतो. तिथे दाब कमी, गोळी शिशाची आणि दारू मोजकी, त्यामुळे थ्रोट आचेने जळण्याचे प्रमाण फार अल्प आणि चांगली नळी हजारो गोळ्या सहज काढते. मात्र तिच्या रिमफायर, म्हणजे कडेवर ठोका बसून पेटणाऱ्या, काडतुसाच्या कडेत पेट घेणारे जे मिश्रण असते, त्यात घर्षणासाठी बारीक काचपूड घालण्याची जुनी पद्धत आहे. तो खरखरीत अवशेष नळीच्या तळाशी पडतो आणि पुढची प्रत्येक गोळी त्याच्यावरून घासत जाते, म्हणून .२२ चा थ्रोट बहुधा खालच्या बाजूने आधी झिजतो. दुसरे असे, की काडतुसाच्या तोंडापुढे कार्बन आणि शिसे यांची एक कडक कडी हळूहळू साचते. ही कडी गोळीला रायफलिंगमध्ये शिरण्याआधीच ओरखडते आणि मग एरवी घट्ट येणाऱ्या ग्रुपमधून अधूनमधून एखादी गोळी बाहेर पडू लागते. नेमबाज तिला फ्लायर म्हणतात.

या फ्लायरमुळे किती बिघडते, हे आकड्यांत सांगतो. ५० मीटरवरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो आणि गोळीचा ५.६. पॅरिसच्या पात्रता फेरीत कुसाळे ६० गोळ्यांत ५९० गुण घेऊन सातव्या क्रमांकाने अंतिम फेरीत गेले आणि त्याच फेरीत ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर ५८९ गुणांवर अकराव्या स्थानी राहून बाहेर पडले. एका गुणावर जिथे अंतिम फेरी मिळते किंवा हुकते, तिथे नळीने हकनाक घालवलेले एखाद-दोन गुण ही क्षुल्लक बाब कशी म्हणता येईल?

आणि हे गुण नळीने घालवले हे त्या मुलांना कळतच नाही, याचे मला सर्वाधिक वाईट वाटते. आमच्या भागातील एका होतकरू मुलीचे गुण उतरू लागले तेव्हा तिला आधी पवित्रा बदलायला लावला, मग ट्रिगर, मग श्वासाची लय. घरच्यांनी पदरमोड करून काडतुसांचा महागडा लॉट (एका वेळी बनवलेली तुकडी) आणला, तोही चालला नाही. रायफल माझ्याकडे आली तेव्हा बोअरस्कोपमध्ये चेंबरपुढे काळी, चकचकीत, पूर्ण गोलाकार कडी दिसली. तिच्यापलीकडे रायफलिंगचे काठ अजून धारदार होते. म्हणजे झीज नव्हती, साचलेली घाण होती. बोअर गाइड (सफाईची सळई सरळ ठेवणारी नळकांडी) लावून चेंबरच्या बाजूने कार्बन सोडवणारे द्रावण घातले, ते रात्रभर मुरू दिले, सकाळी ब्राँझच्या ब्रशने त्या इंचभर जागेतच काम केले आणि शेवटी चिंद्या कोरड्या निघेपर्यंत फिरवल्या. पुढच्या सरावात, सुरुवातीच्या काही गोळ्यांनी नळी पुन्हा बसल्यावर, तिचा ग्रुप पहिल्यासारखा येऊ लागला. त्या मुलीला मधल्या काळात स्वतःच्या हाताबद्दल जी शंका वाटू लागली होती, ती मात्र इतक्या लवकर गेली नाही.

उलट प्रकारही घडतो. थ्रोट खरोखर झिजलेला असताना केवळ रगडून साफ करत राहिल्याने काही साधत नाही. घासण्याच्या पेस्टचा अतिरेक झाला तर उरलेसुरले काठही जातात. कधी दोष थ्रोटचा नसून नळीच्या तोंडाचा असतो. जुन्या .३०३ रायफलींत पुलथ्रूची (सफाईची चिंधी नळीतून ओढण्याची) दोरी तिरकी ओढल्यामुळे तोंडाची कड एका बाजूने झिजत असे आणि एनसीसीच्या .२२ रायफली पुढून सळई घालून साफ केल्या तर तेच होते. अशा वेळी लेथवर तोंड नव्याने समतल करून कड काढली की बऱ्याचदा काम भागते. म्हणून निदान आधी, उपचार नंतर. परदेशात रायफल शिकंज्यात पकडून, माणसाचा हात बाजूला ठेवून, ग्रुप घेतात. बर्मिंगहॅमला आणि जर्मनीत शोनेबेक येथे काडतूस कंपन्यांची अशी चाचणी केंद्रे आहेत. शिकंज्यातही ग्रुप फुटत असेल तर नेमबाजाला बोल लावण्याचे कारणच उरत नाही.

खरोखर झिजलेल्या थ्रोटवर एक जुना आणि खात्रीचा इलाज आहे. नळी काढून तिचा मागचा झिजलेला भाग, बहुधा इंचभर, कापायचा, आटे पुन्हा पाडायचे, रीमरने (भोक नेमक्या मापाचे करणाऱ्या हत्याराने) नवे चेंबर काढायचे आणि गो, नो-गो गेजने हेडस्पेस, म्हणजे बंद चेंबरमध्ये काडतुसासाठी सुटणारी जागा, तपासायचा. पुढची नळी सुस्थितीत असेल तर अचूकता बरीचशी परत येते आणि नव्या नळीचा मोठा खर्च टळतो. ज्या नळीवर साइटची बैठक किंवा गॅसचे छिद्र ठरल्या जागी असते तिथे हे जमत नाही, तिथे नळीच बदलावी लागते. मात्र हे काम कोणाही लेथवाल्याकडे नेण्याचे नाही, हे मी निक्षून सांगतो. हेडस्पेस चुकला तर काडतूस फुटून नेमबाजाचा डोळा जाऊ शकतो. शिवाय शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीच्या दुरुस्तीला परवाना लागतो आणि कलम ६ नुसार परवान्याशिवाय नळी आखूड करता येत नाही. कायद्याचा हा निर्बंध योग्यच आहे. पण त्यामुळेच ही सोय खासगी हौसेवर सोडून चालणार नाही, ती शासनाने आणि राज्य संघटनेने मिळून उभी केली पाहिजे.

बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात नेमबाजीची रेंज आहे. तिथे परवानाधारक आर्मरर, लेथ, रीमर, गेज आणि चाचणीचा शिकंजा असलेली एक कार्यशाळा सुरू व्हावी आणि जिल्ह्यांतील रायफली रीतसर कागदपत्रांसह तिथे याव्यात, अशी माझी सूचना आहे. लष्करातून निवृत्त झालेले आर्मरर महाराष्ट्रात गावोगाव आहेत; त्यांना मानधनावर बोलावले तर ते आनंदाने येतील. जिल्हा रेंजवर याहून कमी खर्चात पुष्कळ होण्यासारखे आहे. प्रत्येक नळीमागे एक वही ठेवावी आणि तीत रोजच्या गोळ्या, काडतुसाचा लॉट, सफाईची तारीख नोंदवावी आणि ठरावीक अंतराने शिकंज्यातून घेतलेल्या दहा गोळ्यांच्या ग्रुपचा कागद चिकटवावा. एक बोअरस्कोप, एक शिकंजा आणि प्रत्येक रायफलीच्या मापाचा बोअर गाइड, इतके साहित्य पुरेसे आहे. कोकणातील दमट हवेत नळीत गंज धरू नये म्हणून पावसाळ्यात तपासणी जरा लवकर लवकर व्हावी.

नव्या रेंजची अंदाजपत्रके आता जिल्हा नियोजन समित्यांसमोर जातील. त्यांत नळीच्या देखभालीचा स्वतंत्र लेखाशीर्ष आत्ताच घातला जावा, कारण इमारत पूर्ण झाल्यावर अशा किरकोळ दिसणाऱ्या रकमेसाठी पुन्हा मंजुरी मिळवणे किती कठीण असते, हे सरकारी नोकरीत वर्षे काढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त आर्मरर, कोल्हापूर