दुसरा अल्बम आणि लोकांची मतं

नागपूर, रविवार

चि. बाबू यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या दुसऱ्या रॅप अल्बमवर लोकांनी दिलेल्या मतांची तू पाठवलेली यादी वाचली आणि ती समोर ठेवून अल्बमही ऐकला. "पहिल्यासारखी भूक नाही" हे वाक्य त्यात इतक्या जणांनी लिहिलंय की तू रात्री झोपत नसशील. झोप. भूक नावाचं काही रेकॉर्डिंगच्या सेशन फाइलमध्ये नसतं. जे असतं, आणि जे ऐकून लोक तसं म्हणतात, त्याबद्दल लिहिते.

मुळात तुलनाच वाकडी झाली आहे. तू लोकांना नव्या गाण्यांचे कच्चे मिक्स दिलेस आणि पोट्ट्यांनी ते ऐकून लगेच ॲपवर जुना अल्बम लावला. तुझे कच्चे मिक्स उणे १९ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास आहेत. स्पॉटिफाय गाणं साधारण उणे १४ वर आणून वाजवतं. म्हणजे जुनं गाणं पाच डेसिबलनं मोठं वाजलं. ऐकणाऱ्याला एका डेसिबलचा फरक 'आवाज मोठा' म्हणून कळत नाही, 'गाणं भारी' म्हणून कळतो. इथे तर पाच आहेत! तेव्हा जुन्या अल्बमच्या मास्टरची, म्हणजे तयार अंतिम आवृत्तीची, वेव्ह फाइल घे, ती नव्याच्या पातळीवर खाली आण (मीटरवर अर्ध्या डेसिबलच्या आत), दोन्ही एकाच प्लेअरवर ठेव आणि अर्ध्या लोकांना आधी नवं, अर्ध्यांना आधी जुनं ऐकव. मग भुकेबद्दल विचार. निम्मी तक्रार तिथेच गळेल.

उरलेली निम्मी खरी आहे.

चौथं गाणं घे. सगळ्यात जास्त शिव्या त्यालाच आहेत आणि शब्द मात्र अल्बममधले सगळ्यात चांगले आहेत. पहिल्या अल्बममध्ये तू व्हर्स, म्हणजे रॅपचं कडवं, एका टेकमध्ये, सलग एकाच रेकॉर्डिंगात, म्हणायचास आणि डबल, म्हणजे तेच परत म्हणून वर चढवलेला आवाज, फक्त ओळीच्या शेवटच्या शब्दावर असायचा. आता पूर्ण व्हर्सवर डावी-उजवीकडे दोन डबल पसरलेत. दोन टेक कधीच तंतोतंत जुळत नाहीत, वीस-तीस मिलिसेकंदांचा फरक राहतोच. स्वरांना तो शोभतो, पण च, ट, क, प यांची धार त्यात जाते, एकाचे दोन-तीन ठोके ऐकू येतात. वरून झांजेसारखा हाय-हॅट नेमका त्याच वरच्या पट्ट्यात वाजतोय. ऐकणारा "शब्द कळत नाहीत" असं म्हणत नाही, कारण शब्द त्याला अर्धेमुर्धे कळतात. तो म्हणतो, "हा मनापासून म्हणत नाहीये." उपाय सोपा आहे: डबल फक्त यमकाच्या शब्दावर ठेव, तिथेही डबलमधली व्यंजनं फेड करून उडव, मुख्य आवाज दीड-दोन डेसिबल वर घे आणि हाय-हॅट दोन ते पाच किलोहर्ट्झच्या पट्ट्यात थोडा खाली दाब. १४ एप्रिलला आपल्या इंदोऱ्यात भीमगीतांचा कार्यक्रम ऐकशील तेव्हा लक्ष दे. ढोलकी कितीही चढू दे, गायकाचा शब्द तिच्यावर असतो. तिथे लोक शब्दासाठी येतात. तुझेही त्याचसाठी येतात.

"बीटमध्ये दम नाही" म्हणणाऱ्यांना एकच प्रश्न विचार: कशावर ऐकलं? फोनच्या स्पीकरवर ऐकलं असेल तर तुझा ८०८, म्हणजे खालचा खोल बास, त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. त्याचा मूळ सूर ४० ते ६० हर्ट्झवर आहे आणि फोनचा स्पीकर दोन-तीनशेच्या खाली जवळजवळ गप्प असतो. ८०८ ची एक प्रत काढ, तिच्यावर सॅच्युरेशन (थोडी खरखर) दे, दीडशेच्या खालचं कापून टाक आणि मूळ ट्रॅकखाली हळूच मिसळ. वरचे हार्मोनिक, म्हणजे त्याच सुराचे उंच जोडसूर, ऐकू आले की कान खालचा सूर आपला आपण धरतो. मग एखाद्या ऑटोवाल्याला पेन ड्राइव्ह देऊन इंदोऱ्याहून बर्डीपर्यंत वाजवायला सांग. रस्त्याच्या आवाजात हुक, म्हणजे ध्रुवपद, समजला तर मिक्स झाला.

"सगळी गाणी सारखी" ही तक्रार मात्र मिक्सनं सुटणारी नाही. तुझी जवळजवळ सगळी गाणी १३८ ते १४४ बीपीएममध्ये (मिनिटाला इतके ठोके) बसली आहेत. पहिला अल्बम नव्वदच्या आसपास होता. नव्वदला चार-चार ठोक्यांचे १६ बार म्हणजे ४३ सेकंद, १४० ला तेच १६ बार २७ सेकंदांत संपतात. जागा कमी पडली म्हणून तू व्हर्स ३२ बारांची केलीस, आणि बार लवकर भरायला प्रत्येक ओळीत ट्रिपलेट, म्हणजे एका ठोक्यात तीन अक्षरं, घातलेस. एका गाण्यात ट्रिपलेट चमकतात. सलग नऊ गाण्यांत आले की कान ते मोजायचं सोडून देतो. दोन गाणी ९० ते ९५ वर नव्यानं बांध, नुसती ताणू नकोस. ताणलेल्या टेकमध्ये श्वास खोटे वाटतात, परत म्हणावंच लागेल.

आता "हा पुण्याचा झाला" हे मत. याचा तुला राग आलाय हे यादीतल्या तुझ्या टिपेवरून दिसतं. पण यात भावनेपेक्षा गणित जास्त आहे. पहिल्या अल्बममध्ये तू आपल्यासारखं "करून राहिलो" म्हणायचास, आता "करतोय" म्हणतोस. तोंडात पहिल्याची पाच अक्षरं होतात, दुसऱ्याची दोन. तीन अक्षरांची जागा रिकामी पडली आणि ती तू "ये, ये" करत ॲड-लिबनं भरलीस. लोकांना ती भरताड ऐकू येते. तिसऱ्या आणि सातव्या गाण्यात आपली बोली परत आण. पाचव्यात नको, ते होस्टेलचं गाणं आहे, तिथली भाषा तिथलीच असू दे. आणि बोली आणताना एक सांभाळ: "राहिलो"वर "राहिलो" हे यमक नव्हे. गझलेत तो रदीफ झाला, म्हणजे दरवेळी तसाच परत येणारा शब्द; काफिया, म्हणजे खरं यमक, त्याच्या आधी जुळला पाहिजे. "जाळून राहिलो"ला "टाळून राहिलो" चालेल, "बसून राहिलो" चालणार नाही. सुरेश भटांच्या विदर्भातला पोरगा हे चुकला तर इथले म्हातारेही नावं ठेवतील.

अमेरिकन रॅपर नॅसचं प्रकरण तुला पाठ आहे, तरी या यादीच्या शेजारी ठेवून बघ. १९९४ चा पहिला अल्बम 'इलमॅटिक': दहा ट्रॅक, जेमतेम ४० मिनिटं, डीजे प्रीमियर, पीट रॉक, लार्ज प्रोफेसर, क्यू-टिप, एल.ई.एस. यांच्या बीट, पाहुण्या रॅपरची व्हर्स एकच. १९९६ चा दुसरा, 'इट वॉज रिटन': जवळजवळ तासभर, बरीचशी गाणी ट्रॅकमास्टर्स या प्रोड्यूसरांची, गुळगुळीत आवाज, माफियाचा थाट, लॉरिन हिलचा हुक. बिलबोर्डवर तो थेट पहिला आला. जुने चाहते मात्र म्हणाले, विकला गेला. आणि त्याच अल्बममध्ये प्रीमियरच्या बीटवर बंदुकीच्या तोंडून म्हटलेलं एक अख्खं गाणं आहे. ते लिहिणारा हात बिघडलेला नव्हता. बीट बदलली की ऐकणारा राग लिहिणाऱ्यावर काढतो. पुढे या अल्बमबद्दलचं मत बरंच निवळलं, पण तुला तेवढं थांबायचं नसेल तर प्रोड्यूसर बदलताना जुन्या प्रोड्यूसरचं एक गाणं पहिल्या तिघांत ठेव. कानाला ओळखीचं काहीतरी लागतं, मग तो पुढचं ऐकून घेतो.

उलटंही झालंय. पब्लिक एनिमी या रॅप गटाचा १९८८ चा दुसरा अल्बम १९८७ च्या पहिल्यापेक्षा मोठा ठरला. मंचावर गाणी कशी चालतात ते बघून त्यांनी वेग मुद्दाम वाढवला होता. वेग वाढवणं हा गुन्हा नाही. तू मंचावर न बघता वाढवलास, एवढंच. पहिल्या अल्बमची गाणी सायफरमध्ये, रॅपरांच्या घोळक्यात, घासून निघाली होती, यातलं एकही चारचौघांत म्हटलेलं नाही. डे ला सोल या गटानं १९९१ मध्ये लोकांच्या मतांना थेट कव्हरवरच उत्तर दिलं, त्यांची ओळख बनलेल्या डेझीच्या फुलांची कुंडी फुटलेली दाखवून. ते जमलं, कारण आतली गाणीही तितकीच तिखट होती. तुझं पहिलं गाणं टीकाकारांना उत्तर द्यायला लिहिलंय आणि टीका अजून व्हायचीच आहे! ते काढ. (लॉरिन हिलनं १९९८ नंतर दुसरा स्टुडिओ अल्बम काढलाच नाही. तोही एक मार्ग आहे, पण तुझ्याच्यानं गप्प बसवणार नाही.)

"आग लावली बे", "नादखुळा" ही मतं बाजूला ठेव, त्यातून काही हाती लागत नाही. "पाहुणे जास्त झाले" हे खरं आहे. दोन फीचर काढलेस तर कोणालाच रुखरुख लागणार नाही, त्या दोघांना सोडून. स्किट, म्हणजे गाण्यांमधले छोटे संवाद, तीन आहेत, एक पुरे.

पुढच्या वेळी "कसं वाटलं" असं विचारू नकोस. हे विचार: कितव्या मिनिटाला फोन हातात घेतला? कोणती ओळ आठवते, ती जशी आठवते तशी म्हणून दाखव. कोणतं गाणं पुढे ढकललं? आठवलेली ओळ चुकीची म्हटली तर नीट ऐक, बऱ्याचदा त्यांची चूक तोंडाला जास्त सोपी असते. मत पहिल्या ऐकण्याचं की तिसऱ्या, हे शेजारच्या रकान्यात लिही. पहिल्या ऐकण्यात माणूस जुना अल्बम शोधत असतो. एका जागेवर तिघं-चौघं वेगवेगळ्या शब्दांत अडखळले तर ती जागा उघडून बघ, मग कारण त्यांनी काहीही दिलेलं असो. एकट्यादुकट्याचं मत वाचून सोडून दे, माझंही.

तारीख आत्ताच जाहीर करू नकोस. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं तर रिलीजच्या किमान सात दिवस आधी सुचवावं लागतं आणि त्याच्या आधी फाइल डिस्ट्रिब्युटरकडून पुढे पोचलेली हवी. तीन-चार आठवडे हातात धर. दिवाळीला येताना पूर्ण सेशन हार्ड डिस्कवर घेऊन ये, प्रत्येक ट्रॅक वेगळा, नुसत्या एमपीथ्री नकोत. चौथं गाणं इथे बसून करू. गाडीची वेळ कळव, बाबा स्टेशनवर येतील.

तुझी,
आई