ताई, तुझ्या त्या सहा सेकंदांबद्दल

प्रिय ताई,

हे तुला खासगीत लिहिता आलं असतं. पण नीट पीजीच्या तयारीसाठी तू बोलून पाठवलेल्या प्रश्नांच्या ऑडिओ फाइली आता इतक्या ज्युनिअर्सच्या फोनमध्ये फिरतायत, आणि त्या कुणाच्या हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नाही. म्हणून आभार चारचौघांत मानते. नाव मात्र लिहीत नाही, तुला ते रुचणार नाही.

नीट पीजी, म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी-एमएसच्या प्रवेशाची परीक्षा, द्यायची म्हटलं की सल्ले देणाऱ्यांची कमी नसते. कुणी म्हणतं क्लास लाव, कुणी म्हणतं रोज इतके एमसीक्यू (पर्यायी प्रश्न) सोडव, कुणी म्हणतं बाँड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा, संपू दे, मग घरी बस आणि अभ्यास कर. मी तेव्हा बाँडवर नंदुरबारमधल्या धडगावकडच्या एका पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, होते. शहाद्याहून घाट चढणाऱ्या एसटीत पुस्तक उघडलं की पोट ढवळायचं. क्वार्टरमध्ये रेंज नाही, म्हणजे क्लासचे व्हिडिओ बाद. दिवसभर ओपीडी, मग रिपोर्टिंग, आणि डिलिव्हरी तर रात्री दोनलाच यायची. तू सल्ला दिलाच नाहीस. उलट मलाच विचारलंस, "हात गुंतलेत आणि कान रिकामे आहेत, असं दिवसात कधी कधी होतं?"

एसटीत. भाकऱ्या थापताना. कपडे धुताना. लसीकरणाच्या दिवशी जीपमध्ये. यादी बरीच झाली.

मग तुझ्या फाइली यायला लागल्या. एका फाइलीत एकच प्रश्न, म्हणून आपण तिला कार्ड म्हणायचो. प्रश्न परीक्षेच्या इंग्रजीत, त्यानंतर सहा सेकंद काही नाही, फक्त तुझ्या खोलीतल्या पंख्याची घरघर. मग उत्तर, आणि त्यामागचं कारण आपल्या मराठीत. मधेच कुठेतरी कुकरची शिट्टी. विंचूदंशाच्या कार्डात तर औषधाचं नाव, "प्राझोसिन", सांगून झाल्यावर तू पुढे बोलत राहिलीस, की ते विंचवाच्या विषावर चालतं हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं, परीक्षेत विचारणार नाहीत, पण एवढं माहीत असू दे. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. ते कार्ड ऐकूनच माझ्या सिस्टरलाही प्राझोसिन पाठ झालं होतं, कारण ती शेजारी बसून ऐकायची.

त्या सहा सेकंदांची मला आधी चीड यायची. लेक्चर कसं दीडपट वेगानं लावता येतं, मान डोलावता येते, सगळं समजल्यासारखं वाटतं. इथे तसं नाही. प्रश्न संपला की आपण एकटे. उत्तर येत असेल तर ओठ हलतात, येत नसेल तर तेही लगेच कळतं. आजीसमोर पाढे म्हणायला उभं राहावं आणि सतरा सक्कंला अडावं, तसं. पुढे वाचनात आलं की रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हेच तपासलं होतं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर धडा पुन्हा वाचणारे पुढे, पण आठवड्यानं घेतली तर न बघता आठवून पाहणारे पुढे. तू मला हे काही सांगितलं नव्हतंस. "फाइल पॉज करू नकोस, सहा सेकंदांत आलं तर आलं," एवढाच हुकूम. एका सेक्शनला ४२ मिनिटांत ४० प्रश्न आणि संपलेल्या सेक्शनकडे परत जायचं नाही, अशा पेपरात त्या हुकमाचा अर्थ लागला.

फोल्डरही तूच लावून दिलेस: रोज, तीन दिवसांनी, आठवड्यानं. आलेलं कार्ड पुढे सरकवायचं, चुकलेलं परत 'रोज'मध्ये. ही पद्धत जर्मनीतल्या सेबास्टियन लाइटनरची, १९७० च्या दशकातली. तो कागदी कार्डं आणि खोके वापरायचा. आपण तेच फोनवर केलं, तेही बिनानेटचं.

एक रात्र तुला कळवायची राहूनच गेली. आठव्या महिन्यातली बाई झटके येत असताना आणली. बीपी चढलेलं, सोबत सासू आणि दोन आशाताई. सिस्टरनं मॅग्सल्फचा (झटके थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा) डबा उघडला आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या डोक्यात तुझा आवाज सुरू झाला: "परीक्षेत चौदा, पीएचसीत दहा." प्रिचर्ड पद्धतीचा लोडिंग डोस, म्हणजे सुरुवातीचा मोठा डोस, १४ ग्रॅम, ४ शिरेतून आणि १० स्नायूत; पण पुढे पाठवण्याआधी आपण द्यायचे ते स्नायूतले १०. एका अँप्यूलमध्ये १ ग्रॅम, म्हणजे पाच एका कुल्ल्यात, पाच दुसऱ्या. आम्ही दोघी अँप्यूल फोडत होतो आणि मी मोठ्यानं मोजत होते. देऊन झाल्यावर गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, कारण त्याचंही कार्ड होतं: मॅग्सल्फ जास्त झालं तर आधी नी-जर्क, म्हणजे गुडघ्याचा झटका, जातो, उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट. रिफ्लेक्स होता. तासाभरात १०८ आली. आई आणि बाळ दोघंही सुखरूप असल्याचं दुसऱ्या दिवशी आशाताईंनी सांगितलं.

फार्मा (औषधशास्त्र), ओबीजी (प्रसूती आणि स्त्रीरोग) आणि पीएसएम (सामाजिक आरोग्य) झाल्यावर तू थांबलीस. "बाकीचे विषय तू रेकॉर्ड कर." मी आठवडाभर तुझ्याशी नीट बोलले नाही, आठवतंय? स्वतःची रेसिडेन्सी सांभाळून तू आणखी सोळा विषय करावेस असं मला खुशाल वाटत होतं! पण खरा अभ्यास तिथूनच झाला. प्रश्न बनवायला बसलं की कळतं, आपल्याला काय कळलेलं नाही. माझी पहिली कार्डं तू परत पाठवलीस: "नेफ्रोटिक सिंड्रोमबद्दल सांगा, हा प्रश्न आहे का? एका कार्डाला एकच उत्तर." आणि ईसीजी, एक्स-रे, स्लाइड, त्वचेचे चट्टे यांना कानानं हात घालायचा नाही, हेही तूच बजावलंस. चित्रांचे प्रश्न मी रविवारी शहाद्याला रेंजमध्ये बसून केले. ऑडिओवर सगळं होतं असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. अपवाद तुझ्या मर्मरच्या, म्हणजे हृदयातल्या जास्तीच्या आवाजांच्या, फाइलींचा. मायट्रल स्टेनोसिसचा, म्हणजे हृदयाची झडप अरुंद झाल्याचा, तो गडगडाट पुस्तकात कितीही वाचला तरी ऐकल्याशिवाय कळत नाही.

पीडियाट्रिक्स मिळालं, हे तुला माहीतच आहे. सगळं श्रेय फाइलींना दिलेलं तुला पटणार नाही आणि ते खरंही नाही. शेवटचे दोन महिने घरच्यांनी मला ताटावरून उठू दिलं नाही, त्यांचाही वाटा आहे. पण घाटातले ते तास तू माझ्या पदरात टाकलेस. त्याबद्दल मनापासून आभार.

आता कामाचं. तुझं एमडीआर टीबीचं, म्हणजे नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या टीबीचं, कार्ड जुनं झालंय. त्यात तू उपचार अठरा ते वीस महिने म्हणतेस. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं बीपाल्म हा चार औषधांचा कोर्स मंजूर केला: बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लोक्सासिन, साधारण सहा महिने. ज्युनिअर्स अजून तुझीच जुनी फाइल ऐकतायत, म्हणून मी माझ्या आवाजात नवी केलीय. चौदा वर्षांखालच्यांना हा कोर्स नाही, ते वेगळ्या कार्डात टाकलंय. दोन्ही पाठवलीत. ऐक, आणि चुकलं असेल तर नेहमीसारखी परत पाठव.

तुझी,
धडगाववाली