पंचगंगेचा प्रश्न एकाच मंत्र्याला विचारून काय उपयोग?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विधिमंडळाचे अधिवेशन आले की आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या पंचगंगा नदीच्या प्रदूषणावर कुणीतरी आमदार तारांकित प्रश्न (ज्याचे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे) टाकतात, नाहीतर लक्षवेधी सूचना लावतात. उत्तर ठरलेले असते : नमुने घेतले, नोटिसा बजावल्या, प्रस्ताव विचाराधीन आहे. आमदार गप्प बसतात असे मी म्हणणार नाही. पण प्रश्न जातो पर्यावरण खात्याकडे, आणि त्या खात्याच्या हातात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोटिसांपलीकडे फारसे नाही. शहरांचे सांडपाणी नगरविकासच्या अखत्यारीत, गावांचे ग्रामविकासच्या. धरणातून पाणी सोडायचे ते जलसंपदाने. आणि हे पाणी पोटात जाऊन माणूस आजारी पडला की तो सार्वजनिक आरोग्य खात्याचा! ज्याला विचारावे त्याने पुढचे दार दाखवावे, अशी सोय आपोआप होऊन बसली आहे.

पंचगंगेवरच्या तेरवाडच्या बंधाऱ्यावर उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा येऊन पाहा. पाणी काळे पडते, वर जलपर्णी, आणि मासे श्वासासाठी तोंड वर काढू लागतात. दुसऱ्या दिवशी तेच मासे मरून काठाला लागलेले असतात. अधिकारी येतात, बाटल्या भरतात, पंचनामा होतो. मग बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढायचे, वरून पाणी सोडायचे, की घाण पुढे नृसिंहवाडीजवळ कृष्णेत. पावसाळी अधिवेशनात यावर उत्तर येईपर्यंत नदीला पूर आलेला असतो आणि मंत्र्यांना पाणी खरोखरच वाहते दिसते.

इचलकरंजीत २०१२ साली काविळीची साथ आली, माणसे दगावली. शहराला कृष्णेचे पाणी मजरेवाडीहून नेलेच होते. नंतर शहरासाठी दूधगंगा नदीवरची सुळकूड पाणी योजना पुढे आली आणि कागलच्या बाजूने विरोध सुरू झाला. दारातली नदी सोडून दुसऱ्याच्या नदीवर हक्क सांगायचा म्हटल्यावर भांडण होणारच. शहराला निदान दुसरी नदी शोधता येते. आम्ही खालच्या गावांनी कुठे जायचे?

शिरोळ तालुक्यात कर्करोगाचे रुग्ण वाढल्याची चर्चा सतत असते. कारण नदी, शेतातली औषधे की आणखी काही, हे मी ठरवू शकत नाही. आमदारांनाही ते भाषणातून ठरवता येणार नाही. पण रुग्णांच्या गावनिहाय नोंदी आणि त्याच पट्ट्यातले पाण्याचे तपासणी अहवाल शेजारी शेजारी मांडून सभागृहाच्या पटलावर ठेवा, अशी मागणी त्यांना नक्की करता येते. एका खात्याकडे रुग्ण, दुसऱ्याकडे पाण्याच्या बाटल्या, असे किती दिवस चालायचे?

करवीर, हातकणंगले, इचलकरंजी, शिरोळच्या आमदारांनी पक्ष बाजूला ठेवून नागपूरच्या अधिवेशनात एकत्र चर्चा मागावी. संबंधित सगळ्या खात्यांचे मंत्री एकाच वेळी सभागृहात हजर असतील, असा आग्रह अध्यक्षांकडे धरावा. आणि त्याआधी एक साधे काम : पंचगंगेबद्दल आजवर सभागृहात दिलेली किती आश्वासने आश्वासन समितीकडे (मंत्र्यांनी दिलेला शब्द पाळला की नाही हे पाहणारी विधिमंडळाची समिती) पडून आहेत, त्याची यादी मिळवून आपल्या दैनिकाला छापायला द्यावी.

– एक वाचक, कुरुंदवाड (ता. शिरोळ, जि. कोल्हापूर)