खालचे तीन फूट

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आलं आणि मी ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. "मुलं जरा मोठी होऊ देत, मग बघू भिंतींचं. आत्ता केलं तरी वाटोळंच होणार" हे तुझं वाक्य ऐकून ती म्हणाली, "म्हणजे मुलं शिकायला बाहेर पडली की यांचं घर सजणार." वहिनींचंही हेच म्हणणं आहे असं तूच लिहिलंयस. तेव्हा मतं मोजलीस तर तू एकटा पडलास, कारण मीही वहिनींच्या बाजूने आहे. पण तुझी भीती खोटी नाही. लहान मुलांच्या घरात काय टिकतं आणि काय टिकत नाही हे आम्ही आता बऱ्यापैकी ओळखून आहोत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं काम हे कर. दिवाणखान्यात जमिनीवर मांडी घालून बस. जमलं तर रांगत एक फेरी मार, वहिनी हसल्या तर हसू देत. काय काय दिसतं? टेबलाची खालची बाजू, सोफ्याचे पाय, विजेचं सॉकेट, वायरींचा गुंता, पडद्याची किनार. आपण सजावट म्हणून जे जे लावतो ते सगळं आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. तीन वर्षांच्या मुलाची उंचीच साधारण तीन फूट, त्याचे डोळे त्याहून खाली. धाकट्याच्या लेखी आमच्या भिंतीवरच्या फ्रेमा ढगात होत्या. म्हणून आम्ही घराची आडवी वाटणी करून टाकली. जमिनीपासून तीन फूट मुलांचे, त्याच्या वरचं आमचं. आमच्या घरातली निम्मी भांडणं या एका रेषेने मिटली.

ही रेषा आम्ही भिंतीवर खरोखरच मारली. मॅट, म्हणजे बिनचमकीचा, रंग दिसायला छान, भिंतीचे उंचवटे-खड्डे झाकतो, पण ओल्या फडक्याने घासलास की तिथे चकाकणारा डाग पडतो आणि तो कायम राहतो. थोडी चमक असलेला, सॅटिन प्रकारातला रंग पुसायला सोपा, पण भिंतीतली प्रत्येक खोट दाखवतो. म्हणून खाली सॅटिन, वर मॅट, आणि खालची छटा थोडी गडद. हाताचे ठसे आपोआप लपतात. रेघ सरळ हवी तर मास्किंग टेप लाव, आणि रंगाचा शेवटचा हात अजून ओला असतानाच टेप ओढून काढ. रंग पूर्ण वाळल्यावर ओढलीस तर कडेचा रंग पापुद्र्यासारखा निघून येतो. आणखी एक गोष्ट रंगारी सहसा सांगत नाहीत. रंग काही तासांत हाताला कोरडा लागला तरी आतून पक्का व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर डाग पडला तरी घासू नकोस, हलक्या हाताने टिपून घे.

तुझं घर तुम्हाला नवं असलं तरी बांधकाम जुनं आहे, बरोबर ना? मग हे नीट वाच. जुन्या रंगांच्या थरांत शिसं असू शकतं. कोरड्या पॉलिश पेपरने भिंत किंवा खिडकीची चौकट घासली की त्याची बारीक धूळ उडते, जमिनीवर बसते, आणि रांगणाऱ्या पोराच्या हातावरून तोंडात जाते. शिशाची अमुक इतकी मात्रा मुलांना चालते अशी सुरक्षित पातळीच नाही. तेव्हा रंग पोपडे धरून सुटत असेल तर आधी तपासून घे, कोरडं घासू देऊ नकोस, आणि ते काम चालू असताना मुलांना घरात ठेवू नकोस. यात कंजुषी नको. नवा रंगही कमी वासाचा घे, आणि खिडक्या सताड उघड्या ठेवून वास पूर्ण गेल्याशिवाय मुलांना त्या खोलीत झोपवू नकोस.

आता मुलांना यात किती घ्यायचं? "कोणता रंग हवा?" असं मोकळं विचारू नकोस. आमच्या थोरलीने तात्काळ "सोनेरी" असं सांगितलं आणि मग नाही म्हणताना आमची दमछाक झाली. आपल्याला चालतील अशा दोनच छटा ठेव आणि त्यातली एक निवडायला सांग. दोन्हींचे चांगले मोठे चौकोन भिंतीवर रंगवून सकाळी बघ, रात्री दिव्याखाली बघ. पिवळ्या दिव्यात निळा रंग हिरवट दिसायला लागतो. थोरलीने रात्री येऊन आपलं मत फिरवलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिचंच बरोबर होतं.

प्रत्यक्ष रंगवताना आमचा नियम असा की पहिला हात मुलांचा, दुसरा आपला. रोलर आडवा जावो, तिरका जावो, ओघळ येवोत, पहिल्या हाताचं काय ते दुसऱ्या हाताखाली जातं. फक्त मोठे ओघळ तेवढे ओले असतानाच पसरून टाकायचे. थोरलीने दाराच्या कोपऱ्यात आपलं नाव रोलरने लिहिलं आणि त्यावर स्वतःच रंग फिरवला. आता त्या भिंतीकडे बोट दाखवून आल्यागेल्याला सांगते, "आत माझं नाव आहे." धाकट्याला रंग द्यायची हिंमत नव्हती. त्याला एक छोटी बादली पाणी आणि जुना ब्रश दिला आणि गॅलरीची भिंत दिली. ओला ब्रश फिरला की भिंत गडद होते. हा मागे सरून बघायचा, तेवढ्यात वरचा भाग वाळून पुन्हा फिका पडायचा, की हा लगेच तिथे. त्याचं काम काही संपेना आणि संपावं असं त्याला वाटतही नव्हतं. आमचा दुसरा हात मात्र त्या वेळात शांतपणे मारून झाला.

भिंतीवर लिहिण्याचं म्हणशील तर ते होणारच. मेणाचे खडू असतील तर ओल्या फडक्यावर चिमूटभर खाण्याचा सोडा घेऊन हलकं चोळ, निघतात. परमनंट मार्कर असेल तर त्यावर नुसता रंग मारू नकोस. शाई नव्या रंगातूनही वर येते, दोनदा मारलास तरी येते. आधी डाग रोखणारा प्रायमर, मग रंग. आणि मार्कर घरात असतीलच तर ते तीन फुटांच्या रेषेच्या खूप वर.

त्यापेक्षा एक भिंत सरळ देऊन टाक. आम्ही एका अरुंद भिंतीला खालच्या भागात फळ्याचा काळा रंग दिला. हा रंग पक्का वाळला की आधी खडू आडवा धरून सबंध पृष्ठभाग पांढरा करायचा आणि पुसून घ्यायचा, मगच वापरायला काढायचा. हे केलं नाही तर मुलाने काढलेलं पहिलं चित्र पुसलं तरी त्याची पुसट खूण फळ्यावर राहते. फक्त हा फळा पलंगाजवळ नको, खडूची भुकटी सगळीकडे बसते.

चित्रांसाठी आम्ही थोरलीच्या उंचीवर एक दोरी ताणली आणि तिला चिमटे अडकवले. दोरी भिंतीलगत घट्ट ताणलेली हवी, सैल लोंबणारी नको. जागा ठरलेली. नवं चित्र लावायचं तर एक जुनं काढायचं, आणि कुठलं काढायचं ते तीच ठरवणार. मला तिचं एक चित्र फार आवडायचं. पाच पायांचं मांजर आणि त्याच्या पोटात दुसरं मांजर. एक दिवस बघतो तर ते खाली. मी म्हटलं, "अगं, ते राहू दे ना." ती म्हणाली, "बाबा, ते झालं आता." मी ते उचलून माझ्या कपाटात ठेवलं. ठेवायची असतील अशी चित्रं उन्हापासून लांब ठेव बरं का, स्केचपेनचा रंग उन्हात भराभर उडतो. बाकीच्यांचे फोटो काढायचे आणि कागद सोडून द्यायचे.

तू लिहिलंयस की धाकटीसाठी जंगलाची थीम करायचा विचार आहे, भिंतभर हत्ती-जिराफ. माझं मत विचारशील तर नको. मुलांची वेडं बदलतात. आमच्याकडे डायनोसोर गेले, मग जेसीबी आलं, आता ग्रह चालू आहेत. चादर, उशीचे अभ्रे, फारतर एक पडदा, एवढ्यावर ते वेड राहू दे. भिंत साधी ठेव. आणि मला नेहमी वाटतं, त्या थीमच्या खोल्या मुलांपेक्षा पाहुण्यांसाठी जास्त असतात.

खेळण्यांचंही तसंच. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी लहान मुलांना एकदा चार खेळण्यांसह आणि एकदा सोळा खेळण्यांसह खेळायला सोडलं. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि त्याच्याशी तऱ्हेतऱ्हेने खेळली. आम्ही अर्धीअधिक खेळणी माळ्यावर टाकली आहेत. अधूनमधून अदलाबदल करतो. माळ्यावरून उतरलेला जुना ट्रक नव्या ट्रकाइतकाच भाव खातो, आणि आपल्याला एक पैसा पडत नाही. उरलेली खेळणी उघड्या, बुटक्या मांडणीवर. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये सान लोरेंझो वस्तीत पहिलं बालगृह उघडलं, तिथली टेबलं-खुर्च्या, कपाटं मुलांच्या मापाची होती. मुलाचा हात पोचतो तिथूनच मूल वस्तू घेतं आणि तिथेच परत ठेवतं. दरवेळी ठेवतं असं मी म्हणणार नाही.

आता जरा गंभीर. मांडणी बुटकी असो की उंच, भिंतीला एल पट्टीने पक्की कर. ड्रिल, भोकात बसवायची गिट्टी, स्क्रू, हे आधी आणि रंगसंगती नंतर. मुलं कपाटाचे खण ओढतात आणि त्यांच्या पायऱ्या करून वर चढतात. खालचे दोन-तीन खण एकदम बाहेर आले की जड कपाटही पुढे झुकतं. पडद्यांच्या, विशेषतः ब्लाइंडच्या लोंबत्या दोऱ्यांचा फास गळ्याभोवती बसू शकतो, म्हणून बिनदोरीचे घे, आणि पाळणा किंवा पलंग खिडकीखाली ठेवू नकोस. पलंगाच्या डोक्यावर जड फ्रेम नको. वहिनींना त्या छोट्या दिव्यांच्या माळा आवडतात असं लिहिलंयस. त्या कशावर चालतात ते बघ. बटणासारखा चपटा सेल असेल तर त्याचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं, आणि नसेल तर ती माळ घरातच आणू नकोस. असा सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतसुद्धा आतून भाजतं. शंका आली तरी थेट दवाखाना गाठायचा. झाडांमध्ये मनी प्लांट आणि डिफेनबाखिया दोन्ही वर टांग. पान चावलं की तोंडाची आग होते, जीभ सुजते.

रेषेच्या वरचा भाग मात्र आम्ही निर्लज्जपणे आमचा ठेवला आहे. बायकोची एक फळी आहे, तिच्यावर तिची पुस्तकं, एक मातीचं भांडं, आणि बाकी मोकळी जागा. तिथे एकही चाक, ठोकळा किंवा बाहुलीचा बूट ठेवायचा नाही. मी एकदा चाव्या ठेवल्या होत्या तर मला बोलणी बसली. दिवसभराच्या पसाऱ्यात नजर टेकवायला तेवढी एक जागा लागते असं ती म्हणते. तुमच्याकडेही वहिनींना अशी एक फळी आधी देऊन टाक, बाकीच्या चर्चा सोप्या जातील.

उंचीच्या खुणा दाराच्या चौकटीवर करू नकोस. एक लांब पट्टी आणून ती भिंतीला लाव आणि तिच्यावर कर, म्हणजे घर बदललं तरी पट्टी बरोबर येते. सकाळी आपण संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटीमीटर उंच असतो, पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दिवसभरात दबतात, हे मी थोरलीला उगाच सांगितलं. आता ती उठल्या उठल्या, दात घासायच्या आधी, पट्टीपाशी टाच टेकवून उभी असते आणि धाकट्याला मात्र रात्रीच मोजायचं असा तिचा आग्रह असतो.

असो, फार लांबलं. रंगाचं माप काढताना भिंतींची लांबी गुणिले उंची कर, त्यातून दारं-खिडक्या वजा कर आणि दोन हातांसाठी दुप्पट धर. एका लिटरमध्ये किती चौरस फूट होतात ते डब्यावर लिहिलेलं असतं. खालच्या पट्ट्याचा रंग हिशेबापेक्षा थोडा जास्त घे आणि उरलेला डबा झाकण घट्ट लावून, छटेचा नंबर वर लिहून ठेव, तुला तो लागणार आहे. ड्रिल तुझ्याकडे नसेल तर विकत घेऊ नकोस, माझं घेऊन येतो. कपाटं दोघं मिळून पक्की करू, पोरं तोवर गॅलरीत पाण्याने भिंत रंगवतील. फक्त भिंती विटांच्या आहेत की काँक्रीटच्या ते आधी कळव, म्हणजे त्याप्रमाणे बिट आणि गिट्ट्या घेऊन निघतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझाच,
जुना रूममेट