उन्हाळ्याची सुट्टी मुलांकडून काढून घेऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मार्च संपत आला की आपल्या दैनिकात पारा, उष्माघात आणि ‘दुपारी घराबाहेर पडू नका’ या बातम्या सुरू होतात. त्या छापल्याच पाहिजेत. पण आता आमच्या तासगाव तालुक्यातल्या खेड्यातसुद्धा सुट्टीतली पोरं सकाळपासून रात्रीपर्यंत पंख्याखाली मोबाइल घेऊन बसलेली दिसतात. टाळायची होती दुपार, आपण अख्खा उन्हाळाच टाळायला लागलो. त्याबद्दल हे पत्र.

आमची द्राक्षबाग आहे आणि माल बेदाण्याला जातो. हवामान बदललंय हे मला कुणी पटवून द्यायला नको. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना पाऊस लागला की डाऊनी हा बुरशीरोग आणि घडकूज. सुकवायच्या शेडवर बेदाणा असताना वळीव आला की माल काळा पडतो आणि सौद्यात दर तुटतो. २०२५ साली तर मान्सून २४ मे रोजी केरळात आला आणि दुसऱ्याच दिवशी तळकोकणात. त्याच्या आधीपासून आमच्याकडे पाऊस चालू होता, मशागतीला वापसा, म्हणजे जमिनीत बेताची ओल, मिळेना. ही काळजी आमच्या घरात जेवणाच्या ताटापर्यंत येते.

तरीही मे महिन्यात नणंदेची मुलं पुण्याहून आली की आम्ही त्यांना घेऊन बाहेर पडतो. वेळ तेवढी बदलली आहे. पहाटे साडेपाचला सगळी उठून मळ्यात. धाकट्यांच्या पाठीला डबा बांधून विहिरीत पोहणं, कडेला माझ्या यजमानांसारखा पट्टीचा पोहणारा माणूस उभा. शेततळ्यात मात्र कुणालाही उतरू देत नाही. त्याच्या प्लास्टिकच्या कागदावर पाय ठरत नाही, मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. पालकांनी हे मुलांना बजावून सांगावं, दर उन्हाळ्यात अशा बातम्या वाचाव्या लागतात. नऊ वाजता ऊन चटकायला लागलं की घर. मग पन्हं, ताक, भिजवलेलं पोतं टाकलेल्या खिडकीखाली पत्ते. सहानंतर पुन्हा बाहेर, आणि रात्री अंथरुणं गच्चीवर. उत्तरेला उंच सप्तर्षी, आग्नेयेला वर चढणारा वृश्चिक राशीचा विंचू आणि त्यातला तांबूस ज्येष्ठा तारा, एवढं तर आता सगळ्यात धाकट्यालाही दाखवता येतं.

नणंदेची थोरली यंदा नववीत गेली. गच्चीवर तिने विचारलं, “मामी, २०२४ हे आजवरचं सगळ्यात गरम वर्ष होतं, शाळेत सांगितलं आम्हाला. मग आपण अशी मजा करणं बरोबर आहे का?” मुलांच्या मनात हे येतं आणि आपल्याला पत्ताही नसतो. मी म्हटलं, “बाळा, मजा केलीच पाहिजे. काळजी करायला आम्ही आहोत आणि पुढे तूही करशील, पण तुझा मे महिना त्यात घालवू नकोस.”

दोनच दिवसांनी तिने जे पाहिलं ते माझ्या बोलण्यापेक्षा जास्त होतं. संध्याकाळी पश्चिमेकडून काळं भरून आलं, वावटळ सुटली. शेवटचा माल अजून जाळ्यांवर होता. हे आणि दीर शेडच्या बाजूंचा कागद खाली ओढत होते, वारा तो हातातून हिसकत होता, मी आणि जाऊबाई खालच्या दोऱ्या खुंट्यांना आवळत होतो. पाठीमागे पोरं पहिल्या टपोऱ्या थेंबांत नाचत होती, गारा वेचून तोंडात टाकत होती. थोरली मधेच थबकली, आमच्याकडे बघितलं आणि पळत येऊन दोरी धरली. कागद बांधून झाल्यावर मी तिला म्हटलं, “जा आता, भीज.” ती गेली. वारा सुटला त्या बाजूचा माल डागी झालाच. त्याचं वाईट वाटलं, आणि पोरांकडे बघून बरंही वाटलं. दोन्ही खरं होतं.

त्याच सुट्टीत सर्वांना सागरेश्वरला नेलं. कमी पावसाच्या या पट्ट्यात उघड्या डोंगरावर माणसांनी झाडं लावून उभं केलेलं सुमारे ११ चौरस किलोमीटरचं हे रान १९८५ मध्ये अभयारण्य झालं. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी त्यासाठी किती खस्ता खाल्ल्या, हे जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना माहीत आहे. सकाळच्या सावलीत चितळांचा कळप पाहून पोरांच्या तोंडून शब्द फुटेना. थोरलीला मी सांगितलं, हे सगळं लावलेलं आहे. तिचा विश्वास बसायला वेळ लागला.

हीच गोष्ट आपण रस्त्यांच्या बाबतीत विसरलो. आमच्या गावाकडचा रस्ता रुंद झाला तेव्हा दोन्ही बाजूंच्या चिंचा आणि कडुलिंब गेले. पोरं शाळेला त्या सावलीने जायची. बदल्यात दुभाजकात शोभेची झुडपं आली, त्यांची सावली कुणाच्या डोक्यावर पडायची? रस्त्याच्या कडेला पुन्हा वड, चिंच, कडुलिंबच लावावा आणि पहिले तीन उन्हाळे टँकरने पाणी घालायची जबाबदारी कंत्राटातच लिहावी.

दुसरं काम तर जवळजवळ बिनखर्चाचं आहे. सांगली, मिरज, तासगाव, विटा इथल्या बागा आणि शाळांची मैदानं एप्रिल-मे मध्ये पहाटे पाचला उघडावीत आणि रात्री दहापर्यंत दिवे चालू ठेवावेत. ऊन असताना उघडी आणि गारवा आला की कुलूप, अशी वेळ मुलांच्या काय कामाची? आमच्या गावात आम्ही काही बायकांनी शाळेच्या मैदानासाठी तसा अर्ज दिला आहे. किल्ली सांभाळायला मी तयार आहे, हेही त्यात लिहिलं आहे.

आपली,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. तासगाव, जि. सांगली