गोबेर की वेम्बी, बाबा आणि ओंक्याच्या भांडणाचा निकाल

सॅन अँटोनिओ, टेक्सस
सप्टेंबर २०२५

ती. बाबा आणि आईला सा. न., ओंक्याला एक टपली,

गणपतीत व्हिडिओ कॉल केला तेव्हा आरतीनंतर तुम्ही दोघं जे भांडत होतात ते मला निम्मं ऐकूच आलं नाही, काकू मधेच मोदक दाखवायला फोन घेऊन गेल्या ना. पण मुद्दा कळला. बाबा म्हणतात बास्केटबॉलमध्ये डिफेन्स म्हणजे रूडी गोबेर, बाकी सगळी पोरंटोरं, आणि ओंक्या म्हणतो वेम्बन्यामा, म्हणजे इथल्या स्पर्स टीमचा वेम्बी, आल्यावर गोबेरचं दुकान बंद. मग दोघं मिळून माझ्यावर, तू तिथेच राहतेस तूच सांग. राहते म्हणजे काय, गावात दोनचार भिंतींवर वेम्बीची भलीमोठी चित्रं आहेत ती येताजाता दिसतात, तो काही माझ्याकडे चहाला येत नाही. फोनवर बाबा वाक्य पुरं करू देत नाहीत म्हणून सरळ लिहूनच काढते.

आई, तुला गोबेर माहितीये, बोअर होऊ नकोस. २०२० च्या मार्चमध्ये कोविडची चेष्टा करत पत्रकारांच्या टेबलावरच्या सगळ्या माइकना हात लावून गेला आणि दोन दिवसांत स्वतःच पॉझिटिव्ह निघाला, आख्खी एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, बंद पडली, तोच तो. तू तेव्हा टीव्हीसमोर त्याला काय काय बोलली होतीस ते मी इथे लिहीत नाही.

तर ओंक्याचा राग २०२३-२४ च्या सीझनवर आहे. वेम्बी रूकी, म्हणजे पहिलंच वर्ष, मॅचमागे ३.६ ब्लॉक (समोरच्याचा शॉट हवेतच अडवणं), लीगमध्ये पहिला, आणि वर्षातल्या सर्वोत्तम डिफेन्सिव्ह प्लेयरची ट्रॉफी २.१ ब्लॉकवाल्या गोबेरला, तीही चौथ्यांदा, मुटोम्बो आणि बेन वॉलेस या जुन्या दिग्गजांच्या बरोबरीने. ओंक्याच्या मते सेटिंग. अरे बाबा, ब्लॉक मोजून डिफेन्स कळत नाही! ब्लॉक म्हणजे समोरच्याने शॉट मारायची हिंमत तरी केली. जो शॉट मारलाच नाही तो स्कोअरशीटवर कुठे येतो? त्या वर्षी गोबेरच्या मिनेसोटाचा डिफेन्स लीगमध्ये एक नंबर होता, ५६ मॅच जिंकले, आणि आमचे स्पर्स २२ जिंकून जवळपास तळाला. एकट्या पोराने किती भोकं बुजवायची, पण मत देणारे टीम बघतातच, त्यात काही पाप नाही. वेम्बीने स्वतःही तेव्हा असंच काहीसं म्हटलं होतं की यंदा रूडीला मिळू दे, यानंतर त्याची पाळी नाही. माज आहे पण गोड माज आहे.

मी दोघांना एकाच मॅचमध्ये प्रत्यक्ष बघितलंय, फ्रॉस्ट बँक सेंटरला, अगदी वरच्या रांगेत, तिकीट परवडतं तिथे. वरून बॉल नीट दिसत नाही पण माणसं कुठे उभी आहेत ते झकास दिसतं, टीव्हीवर ते कळतच नाही. गोबेर जवळपास कधीच धावत नाही. गार्ड, म्हणजे बॉल खेळवणारा, पिकवरून (साथीदाराच्या आडोशाने) सुटून आत येतो, हा दोन पावलं मागे सरकतो, एक डोळा बॉलवर आणि एक मागे रोल होणाऱ्या सेंटरवर (रिंगकडे धावणाऱ्या समोरच्या उंच माणसावर), हात वर, छाती मध्ये, आणि गार्डला रिंगच्या अलीकडून तो अवघडलेला दहा-बारा फुटांचा शॉट मारायला लावतो, जो टीमला हवाच असतो. आपल्याकडे ठाणे स्टेशनवर रोजच्या बायकांना डब्याचं दार नेमकं कुठे येणार ते माहिती असतं आणि त्या आधीच तिथे जाऊन उभ्या असतात ना, तसा हा उभा असतो. आणि उडी मारली तर सरळ वर, हात पुढे नाही खाली नाही, समोरचा येऊन आदळला तरी फाउल त्याच्यावर लागत नाही.

बाबा, तुम्ही म्हणता आमच्या वेळी पण सेंटर रिंगखाली उभाच असायचा, पण एनबीएत तसं उभं राहता येत नाही हो. कोणाला गार्ड करत नसाल तर पेंटमध्ये, म्हणजे रिंगखालच्या रंगवलेल्या चौकोनात, तीन सेकंदांच्या वर थांबलात की टेक्निकल फाउल. आपल्याकडे फीबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाचे नियम, त्यात डिफेन्सला ही भानगड नाही. म्हणून गोबेर सारखा एक पाय आत एक पाय बाहेर करत असतो, ते वरून बघायला मजा येते, बाजूचा मुलगा त्याला बू करत होता आणि मी त्याचे पाय मोजत बसले होते.

आता वेम्बी. सव्वासात फुटांच्या वर उंची आणि हात पसरले की आठ फूट, हे आकडे ओंक्याला पाठ आहेत, पण प्रत्यक्षात ते वेगळंच प्रकरण आहे. एक गार्ड मस्त ड्रिबल करत आत शिरला, समोर कोणी नाही, वेम्बी पार पलीकडच्या कॉर्नरला थ्री-पॉइंट लाइनवर दुसऱ्याच माणसाजवळ, आणि त्या गार्डने दोन पावलं आत येऊन मान वळवली, ह्याला बघितलं आणि बॉल घेऊन परत बाहेर! कोणी अडवलं नाही, काही नाही, यू-टर्न. सगळं स्टेडियम हसलं. गोबेरची भीती रिंगपासून सहा-आठ फुटांत असते, वेम्बीची अर्ध्या कोर्टात. लाइनवरच्या शूटरवर एका ढांगेत पोचतो, आणि मागून सुटलेला शॉटही जाऊन खुडतो, म्हणजे चुकीच्या जागी उभा राहिला तरी त्याला चालून जातं. गोबेरला ते कधीच चालणार नव्हतं.

आणि इथेच बाबांचा मुद्दा लंगडतो. गोबेरला रिंगपासून ओढून बाहेर आणलं की त्रास होतो, २०२१ मध्ये क्लिपर्सनी कमी उंचीची टीम उतरवली आणि कॉर्नरमधून टेरन्स मॅनने ३९ पॉइंट मारून युटाला, तेव्हाच्या गोबेरच्या टीमला, घरी पाठवलं. त्यात गोबेरचा दोष अर्धाच, युटाचे बाकीचे चौघं आपापल्या माणसाला सोडून देत होते आणि हा बिचारा आत धावला की कॉर्नर मोकळा. पण २०२४ च्या लीगच्या सेमीफायनलमध्ये (वेस्टर्न कॉन्फरन्स फायनल) डॅलसच्या डोन्चिचने शेवटच्या सेकंदांत गोबेरच्या तोंडावर स्टेपबॅक थ्री (मागे सरकून लाइनबाहेरून शॉट) मारला, मॅच १०९-१०८, तिथे कोणाला बोलणार? आणि पॅरिस ऑलिम्पिक घ्या, दोघंही फ्रान्सचे, तिथे तर फीबाचे नियम, रिंगखाली हवं तेवढं उभं राहा, तरी नॉकआउटला फ्रान्सच्या कोचने गोबेरला बराचसा बेंचवर ठेवला आणि सेंटर कोण तर वेम्बी. फायनल अमेरिकेशी ९८-८७ हरले पण पोराने २६ मारले.

म्हणजे ओंक्या जिंकला? थांब. बास्केटबॉल ऑक्टोबर ते एप्रिल खेळतात, एका रात्री नाही. एका मॅचपुरता कोण हवा विचाराल तर मी डोळे मिटून वेम्बी म्हणेन, आजच, पुढच्या वर्षी नाही. पण सहा महिन्यांची ८२ मॅचची मजुरी कोण करेल म्हटलं की मी अजून गोबेरकडे बघते. ३३ वर्षांचा आहे, गेले दोन्ही सीझन ७० च्या वर मॅच खेळला, आणि ह्या एप्रिलमध्ये लेकर्सना बाहेर काढलं त्या मॅचमध्ये २७ पॉइंट आणि २४ रिबाउंड, म्हाताऱ्याने! वेम्बी फेब्रुवारीत उजव्या खांद्यात रक्ताची गाठ निघाली म्हणून ४६ मॅचवर थांबला. अवॉर्डला ६५ मॅच लागतात, म्हणून ट्रॉफी क्लीव्हलँडच्या मोब्लीला गेली. त्या दिवशी इथे ऑफिसात सुतकी चेहरे होते, मला पण मीटिंगमध्ये काही सुचत नव्हतं. आता डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिलीये, उन्हाळ्यात चीनला शाओलिनमध्ये जाऊन डोकं तासून आलाय, बघू.

ओंक्या, तुझ्यासाठी वेगळं सांगते. तू वेम्बीचे व्हिडिओ बघून मागून येऊन ब्लॉक मारायला जातोस आणि हाफटाइमच्या आत चार फाउल घेऊन बेंचवर बसतोस, हे मला आईने सांगितलंय, तिच्यावर चिडू नकोस. तुझ्याकडे आठ फुटांचे हात नाहीत, आणि आपल्याकडे पाच फाउलला बाहेर, सहाला नाही. गोबेरचे पाय बघ, एखादी आख्खी मॅच बॉल न बघता फक्त त्याचे पाय, आणि हात कानाला लावून सरळ उडी मारायची प्रॅक्टिस कर. बाबा, तुम्हीच घ्या त्याची प्रॅक्टिस, तेवढं तुमचे गुडघे करू देतील. ओरडू नका फक्त.

पुढचा सीझन ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू होतोय, तुमच्याकडे मॅच सकाळी सहा-साडेसहाला, आईची झोपमोड होणार त्याला मी जबाबदार नाही. आई, टेंभी नाक्याच्या देवीला गेलीस की माझ्या नावाने ओटी भर, आणि गोडा मसाला संपलाय, जोशीकाकूंची मुलगी येणार असेल तर अर्धा किलो दे.

पैज लावायची तर पैशांची नको. वेम्बी ६५ मॅच खेळला तर डिफेन्सची ट्रॉफी त्याचीच असं माझं मत, ६५ च्या आत अडकला तर बाबा बरोबर. हरणाऱ्याने सगळ्यांना मामलेदारची मिसळ, तिखट, आणि माझी प्लेट मी आले की वेगळी.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, त्याचं आडनाव गोबेर असंच म्हणतात, शेवटी ट नाही, हे ओंक्याचं बरोबर आहे. एवढं तरी मान्य करा.